गांजाचे बी कायद्यातून सुटले कसे?

🧵 ‘बी तर कायद्याच्या व्याख्येतच नाही, मग संग्रहाला हरकत काय?’ परदेशी संकेतस्थळांवर ‘केवळ संग्रहासाठी’ म्हणून विकली जाणारी गांजाच्या बियांची रंगीत पाकिटे पाहून अनेक तरुण हा प्रश्न विचारतात. प्रश्नाचा पूर्वार्ध खरा आहे. तो खरा का आहे, हे मात्र इतिहासात शिरल्यावाचून कळत नाही.

गांजा म्हणजे मादी झाडाचा राळयुक्त फुलोरा. परागीभवन होऊन बी धरले की त्याची प्रत उतरते. म्हणून बंगालमधील नौगाव येथे (आज बांगलादेशात) नर झाडे ओळखून उपटून टाकणारे खास जाणकार शेतकऱ्यांना बोलवावे लागत. इंग्रज अधिकारी त्यांना ‘गांजा डॉक्टर’ म्हणत. १८९३-९४ च्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनच्या अहवालात हे वर्णन वाचायला मिळते. आपल्या तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातील लागवडही त्यात आली आहे. थोडक्यात, गांजा पिकवणाऱ्याच्या लेखी बी हा मालातला दोष होता.

(जाता जाता : सात सदस्यांच्या या आयोगात तीन भारतीय होते आणि संपूर्ण बंदीऐवजी कर व परवाने यांची शिफारस त्याने केली. तो स्वतंत्र धाग्याचा विषय.)

आता अमेरिकेकडे वळू. १९३७ मध्ये तेथे गांजावर जबर कर बसवणारे विधेयक आले, तेव्हा तक्रार घेऊन पुढे आले ते पक्ष्यांच्या खाद्याचे व्यापारी! कबुतरांच्या खाद्यात हे बी हवेच, त्याला पर्याय नाही, असे त्यांचे म्हणणे. संसदेने ते मान्य केले, पण एका अटीवर : बी उगवण्यास असमर्थ केलेले असावे. सूट दाण्याला मिळाली, रोपाला नाही.

१९६१ च्या संयुक्त राष्ट्रांच्या अमली पदार्थविषयक करारात व्याख्या फुलोऱ्याभोवती बांधली गेली. फुलोऱ्यासोबत नसलेली पाने आणि बिया वगळल्या गेल्या. भारताच्या १९८५ च्या एनडीपीएस कायद्याने जवळपास तेच शब्द उचलले. आपल्याकडे त्याला व्यवहाराचा आधारही होता. कुमाऊँ-गढवालच्या स्वयंपाकघरात या बियांची चटणी वाटली जाते. बियांत नशा जवळपास नसतेच.

परंतु त्याच कायद्याचे कलम ८ शासनाच्या परवानगीविना झाडाची लागवड करण्यास मनाई करते, आणि कलम २० त्यासाठी १० वर्षांपर्यंत सक्तमजुरी व १ लाख रुपयांपर्यंत दंड सांगते. जवळ बाळगलेल्या गांजाच्या शिक्षेत अल्प आणि व्यापारी मात्रा असा भेद आहे. लागवडीच्या शिक्षेत तो नाही. व्याख्येचे कलम वाचून पुस्तक मिटणाऱ्याला हे दिसणार कसे?

‘संग्राह्य बी’ ही कल्पनाच मुळी अशा फटीत जन्मली. ब्रिटनच्या १९७१ च्या कायद्यात बी नियंत्रित नाही, लागवड मात्र गुन्हा. त्यामुळे विक्रेता पाकिटावर ‘स्मरणवस्तू’ छापून स्वतःचे हात झटकतो. ती ओळ त्याच्या बचावासाठी आहे, ग्राहकाच्या नव्हे. कॅनडाच्या २०१८ च्या कायद्यात तर उगवणक्षम बी गांजातच मोजले जाते. एका देशातले पाकीट दुसऱ्या देशाचा कायदा सोबत घेऊन येत नाही.

आणि टपालाने मागवायचे म्हटले, तर अमली पदार्थांचा कायदा बाजूला ठेवला तरी २००३ चा वनस्पती संगरोध आदेश आहेच. कोणत्याही पिकाचे बी परदेशातून आणताना आयात परवाना आणि रोगमुक्ततेचे प्रमाणपत्र लागते. हा नियम टोमॅटोच्या बियांनाही आहे, हे बहुतेकांच्या गावीही नसते.

माझे मत विचाराल तर, या विषयात जमवण्याजोगे पुष्कळ आहे आणि ते कागदावर आहे. आयोगाचा अहवाल स्कॉटलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाने आंतरजालावर विनामूल्य खुला केला आहे. अधिकारी, वैद्य, शेतकरी, अशा शेकडो साक्षीदारांच्या जबान्या त्यात आहेत. मुंबई इलाख्याच्या साक्षींपासून सुरुवात करा. ओळखीची गावे भेटतील.