खताला परवाना, मग पाण्याच्या यंत्राला का नको?



परवा गावात परत एक गाडी येऊन गेली. बोअरच्या पाइपला यंत्र बसवा, खारं पाणी गोडं होतंय म्हणे. दोघांनी आगाऊ पैसे दिले. मला कळलं तेव्हा गाडी निघून गेली होती, म्हणून हे लिहितोय.

चार वर्षांपूर्वी मी पण असाच फसलो. द्राक्षाच्या पानांच्या कडा करपत होत्या, ड्रिपरवर पांढरा थर यायचा. 32 हजाराचं चुंबकाचं यंत्र घेतलं. सहा महिने वाट बघितली, कडा करपायच्या थांबल्या नाहीत. शेवटी यंत्राआधीचं आणि नंतरचं पाणी दोन बाटल्यांत भरून तपासायला दिलं. ईसी आधी 2.8, नंतर पण 2.8. क्षार पाण्यातच होते, जाणार कुठं? विकणाऱ्याचा फोन लागेना. कृषी कार्यालयात विचारलं तर हे खतात बसत नाही आणि औषधातही बसत नाही, असं उत्तर मिळालं. ग्राहक आयोगाकडं जावं तर हातात साध्या कागदावरची पावती.

आता बघा. खत विकायला 1985 च्या खत नियंत्रण आदेशाखाली परवाना लागतो. बियाण्याला 1983 चा आदेश आहे. औषधाला 1968 चा कीटकनाशक कायदा आहे. पण सगळ्या पिकाला जे पाणी जातं, ते सुधारून देतो म्हणणाऱ्याला काही विचारत नाही. माझ्या साडूचा पोरगा अमेरिकेत मिनेसोटा राज्यात असतो. तिथं घरात पाणी मऊ करायचं यंत्र बसवणाऱ्याला सुद्धा परीक्षा देऊन सरकारी परवाना काढावा लागतो. घरच्या नळाला एवढी काळजी, आणि आपल्या बागेला काहीच नाही.

काही जण म्हणतील, परवानेवाले दुकानदार काय कमी फसवतात? खरं आहे. पण तिथं पक्कं बिल मिळतं आणि तक्रार घेणारा निरीक्षक असतो. इथं भांडायचं तरी कुणाशी?

परवाना फक्त पैसे भरून मिळू नये, परीक्षा हवी. जड पाणी आणि खारं पाणी यातला फरक ज्याला सांगता येत नाही, त्याला यंत्र विकू देऊ नये. मिठाच्या गोण्या लागणारं घरगुती यंत्र पाण्यातलं कॅल्शियम काढतं आणि त्याजागी सोडियम सोडतं. कपडे धुवायला चांगलं, पण काळ्या रानाला तेच पाणी वर्षानुवर्षं दिलं तर रान चोपण होतं, पाणी वर थांबतं, वाफसा येत नाही. नुकसान यंत्राच्या किमतीवर थांबत नाही, रान जातं. आपल्याच गावातली आयटीआय झालेली, कृषी पदविका घेतलेली पोरं असा परवाना काढून प्रामाणिक धंदा करू शकतील.

कायदा होईल तेव्हा होईल. तोवर एवढं करा:

1. यंत्राआधी पाण्याचा अहवाल काढा. ईसी 2.25 च्या वर म्हणजे पाणी फार खारं. आरएससी 2.5 च्या वर म्हणजे सोडियमचा धोका, तिथं जिप्समबद्दल कृषी विज्ञान केंद्रात विचारा.
2. विकणाऱ्याला सांगा, आधीचं आणि नंतरचं पाणी माझ्यासमोर भर, तपासणी मी करून आणतो, मग पैसे. खरा असेल तो थांबेल.
3. जीएसटीचं पक्कं बिल आणि काय सुधारणार ते लेखी घ्या.
4. ड्रिपरला नुसता चुन्याचा थर असेल तर जाणकाराला विचारून आम्ल प्रक्रिया करा. खारेपणा कमी करायचा तर विहिरीचं किंवा पावसाचं गोडं पाणी मिसळा.

माझे 32 हजार गेले. ते यंत्र अजून पाइपवर आहे, मुद्दाम काढलं नाही. कुणी दुसरं विकायला आला की त्याला आधी तेच दाखवतो.

तुमच्याकडं कुणी असं यंत्र बसवलं असेल तर आधीची आणि नंतरची ईसी सांगा. फायदा झाला असेल तरी सांगा, पण आकड्यासकट.