पावलं कोणाची मोजायची?



आमची धाकटी जाऊ सणसवाडीच्या बाजूला एका कंपनीच्या ऑफिसात हिशेबाचं काम करते. केंदूरहून शिक्रापूरपर्यंत मिळेल त्या गाडीने, पुढे कंपनीच्या बसने. यंदा तिच्या ऑफिसात ‘आरोग्य महिना’ झाला. योगशिक्षक आले, आहारावर भाषण झालं, सगळ्यांची वजनं झाली आणि रोज दहा हजार पावलं चालण्याची स्पर्धा लागली. मोजणी फोनने. महिनाअखेर फलकावर नावं लागली, तेव्हा आमची जाऊ खालून तिसरी. बक्षीस मिळालं ते सकाळी तासभर फिरायला जाणाऱ्या एका साहेबांना.

“ताई, पहाटे पाचपासून मी पायांवरच असते की,” रात्री भांडी घासता घासता ती म्हणाली. “पण तेव्हा फोन मांडणीवर चार्जिंगला असतो.”

मला आधी हसू आलं, मग राग आला. पाणी, गोठा, डबे, पोरांची शाळा, सासूबाईंचं औषध, ही पावलं कुठल्याच फलकावर चढत नाहीत. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीनुसार बायांचा घरकामात दिवसाला सरासरी २८९ मिनिटं वेळ जातो, पुरुषांचा ८८ मिनिटं. आणि हे ८८ सुद्धा जे पुरुष घरकामाला हात लावतात त्यांचेच!

बरं, हा दहा हजारांचा आकडा तरी कुठून आला? १९६५ च्या सुमाराला जपानमधल्या एका कंपनीने पावलं मोजायचं यंत्र विकायला काढलं, त्याचं नावच ‘दहा हजार पावलांचा मापक’ असं होतं. म्हणजे आकडा डॉक्टरांचा नाही, विक्रीचा. अमेरिकेत २०१९ साली वयस्क स्त्रियांचा एक अभ्यास झाला. त्यात रोज ४,४०० पावलं चालणाऱ्या बायांमध्येही मृत्यूचं प्रमाण कमी चालणाऱ्यांपेक्षा बरंच कमी दिसलं, आणि ७,५०० च्या पुढे आणखी फरक पडला नाही.

व्यायाम नकोच, असं मी म्हणत नाही. दिवसभर खुर्चीला खिळलेल्या बाईची पाठ, मान, गुडघे बोलायला लागतात, हे आपण सगळ्याच जाणतो. केंद्राच्या आयुष मंत्रालयाने ऑफिसात करायचा पाच मिनिटांचा योग काढला आहे. तो कामाच्या वेळेत करायचा आहे, ही त्यातली मला आवडलेली गोष्ट. पण जावेच्या ऑफिसात योगवर्ग ठेवला सुटीनंतर. बायका थांबल्या नाहीत, तर शेरा आला, ‘महिलांमध्ये आरोग्याबाबत उदासीनता.’ वजनाचा काटा आला, हिमोग्लोबिन मात्र कोणी तपासलं नाही. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४.२ टक्के स्त्रियांना रक्तक्षय असल्याचं आढळलं. त्यांना आणखी पळवून काय साधणार?

अशा कार्यक्रमांचा उपयोग किती, हेही तपासलं गेलं आहे. अमेरिकेतल्या एका मोठ्या दुकानसाखळीत सुमारे ३३,००० कर्मचाऱ्यांवर दीड वर्ष प्रयोग झाला, २०१९ साली निष्कर्ष छापून आले. लोक म्हणाले आम्ही जास्त व्यायाम करतो. पण रक्तदाब, साखर, रजा, औषधांचा खर्च यांत ठळक फरक दिसला नाही. मला याचं नवल वाटलं नाही. कामाचे तास, कामाचा बोजा, साहेबाची जीभ तीच राहिली, तर श्वास कितीही खोल घेतला तरी काय?

जुलै २०२४ मध्ये पुण्यात एका बड्या लेखा-सल्लागार कंपनीतली २६ वर्षांची सनदी लेखापाल वारली. नोकरीला लागून जेमतेम चार महिने झाले होते. आईने कंपनीच्या प्रमुखांना पत्र लिहून कामाच्या ताणाकडे बोट दाखवलं. कंपनीने ते मान्य केलं नाही. पण पुढे कामगार खात्याच्या तपासणीत त्या ऑफिसाची दुकाने-आस्थापना कायद्याखाली नोंदणीच नसल्याचं बाहेर आलं. नोंदणी नाही, तर तास कोण तपासणार? आणि त्यानंतर वर्षभरातच, सप्टेंबर २०२५ मध्ये, याच कायद्यातला कामाचा दिवस नऊवरून दहा तासांवर नेण्यास राज्य मंत्रिमंडळाने मान्यता दिली. तो वाढीव तास बाईच्या कुठल्या वेळेतून निघणार, हे मंत्रिमंडळातल्या कोणाला विचारावंसं वाटलं नसेल. झोपेतून, दुसरं काय!

असो. मागच्या बैठकीत आमच्या गटातल्या नोकरी करणाऱ्या बायांना विचारलं, तुमच्या तब्येतीसाठी ऑफिसाने काय करावं? योगाचं नाव एकीनेही घेतलं नाही. कडी लागणारं, पाणी असलेलं संडास. पाठ टेकेल अशी खुर्ची. पाळीच्या दिवसांत जरा आडवं होता येईल अशी खोली. आणि पाळणाघर. २०१७ च्या दुरुस्तीने पन्नास किंवा त्याहून जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेला पाळणाघराची सोय बंधनकारक झाली, आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाण्याची मुभा मिळाली. २०२५ मध्ये लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ती तरतूद आहे. बैठकीतल्या निम्म्या जणींना हे ठाऊकच नव्हतं. तुमच्या गटांनीही आपापल्या भागातल्या ऑफिसांत हे विचारून पाहावं आणि काय उत्तर मिळालं ते आम्हाला कळवावं. पुढच्या अंकात जागा राखून ठेवते आहे.

जावेच्या ऑफिसातल्या अकरा जणींनी अर्ज तयार केला आहे. सही करताना ती मला म्हणाली, “ताई, योगाचंही राहू द्या त्यात. फक्त साडेपाचच्या आत घ्या म्हणावं. सहाची गाडी चुकली, की शिक्रापूरच्या चौकात तासभर उभं राहावं लागतं.”