‘बाद’ कोणी ठरवले?

ग्रंथालयात पुस्तक कसे घ्यायचे याला नियम आहेत, समित्या आहेत, याद्या आहेत, मार्चअखेरची धावपळ आहे. तेच पुस्तक ग्रंथालयातून कसे जायचे याबद्दल मात्र सगळीकडे चिडीचूप. येताना त्याला दाखल क्रमांक मिळतो, पाठीवर वर्गांकाची चिठ्ठी चिकटते, पहिल्या पानावर जांभळा शिक्का बसतो. जाताना नोंदवहीच्या शेऱ्याच्या रकान्यात दोन अक्षरे पडतात: ‘बाद’. कोणी ठरवले, का ठरवले, त्याची दुसरी प्रत कुठे आहे का हे कोणी पाहिले, याचा पत्ता नसतो. या दोन अक्षरांनी मुस्लिम मराठी लेखनाचे जेवढे नुकसान केले तेवढे आपल्या कोणत्याही विरोधकाने केलेले नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. आणि या नुकसानीत आपला स्वतःचा हात किती, हेही आज बोलले पाहिजे.

हा विषय नाशकात बसून मांडावा असाच आहे. महाराष्ट्रातले सर्वांत जुने सार्वजनिक ग्रंथालय रत्नागिरीचे, 1828 चे. मग अहमदनगर, 1838. आणि लगोलग नाशिकचे सार्वजनिक वाचनालय, 1840. छापील मराठी पुस्तक रांगत होते तेव्हापासून या शहरात ते जपण्याची सोय आहे. याच जिल्ह्यात मालेगाव आहे, जिथे उर्दू वाचणाऱ्यांची आणि छापणाऱ्यांची कमी नाही. आणि याच शहरात गोदावरी आहे. 2008, 2016 आणि 2019 या वर्षांत तिचे पाणी सराफ बाजार आणि भांडी बाजारात शिरलेले नाशिककरांनी पाहिले आहे. नदीकाठच्या गावात कागदाचे आयुष्य किती, हे इथल्या माणसाला वेगळे सांगायला नको. कोणा एका संस्थेवर मी बोट ठेवत नाही. नाशिक असो, सोलापूर असो की कोकणातले एखादे तालुक्याचे गाव असो, पद्धत सगळीकडे सारखीच आहे. किंबहुना पद्धत नाही, हीच पद्धत आहे.

पुस्तके बाद करूच नयेत, असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. ‘विंडोज 98 शिका’ हे पुस्तक आज कपाटात ठेवून कोणाचे भले होणार? जुन्या अभ्यासक्रमाची गाइडे, रद्द झालेल्या कायद्यांची भाष्ये, एकाच कादंबरीच्या सात फाटक्या प्रती, हे सारे गेलेच पाहिजे. ग्रंथालय ही वाढती संस्था आहे हे डॉ. रंगनाथन यांनी 1931 मध्ये सांगितले आणि आपले ग्रंथपाल ते परीक्षेपुरते पाठ करतात. पण वाढणारे शरीर मळही टाकते. शिवाय ग्रंथपालाची अडचण खरी आहे. जागा तुटपुंजी, पगार त्याहून तुटपुंजा. कसर लागलेले एक पुस्तक शेजारची दहा खाते, वाळवी तर अख्खे कपाट. हलक्या कागदावर छापलेली जुनी पुस्तके हात लावला की तुकडे होऊन पडतात. बांधणीला पैसे नाहीत. अशा वेळी त्याने काहीच टाकू नये असे म्हणणे म्हणजे दुरून उपदेश करणे झाले.

पण तो टाकतो कसे? महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा 1967 चा आणि अनुदानाचे नियम 1970 चे. त्यांनुसार ग्रंथालयाला अ, ब, क, ड असा वर्ग मिळतो आणि वर्गावर अनुदान ठरते. वर्ग ठरवताना पुस्तकांची संख्या पाहिली जाते. याचा सरळ परिणाम असा की, संख्या घटणे ग्रंथालयाला परवडत नाही. म्हणून उघडपणे, ठराव करून, यादी लावून पुस्तके काढणे टाळले जाते. जीर्ण पुस्तक नोंदवहीत जिवंत राहते आणि कपाटात मरते. मग कधीतरी रंगकाम निघते, कपाटे सरकवायची वेळ येते, छत गळते, आणि एका दुपारी वजनकाटा घेऊन रद्दीवाला येतो. 2012 मध्ये महसूल यंत्रणेमार्फत राज्यातल्या शासनमान्य ग्रंथालयांची पडताळणी झाली आणि अनेक ग्रंथालये कागदावरच्या अटी प्रत्यक्षात पुऱ्या करत नाहीत हे उघड झाले. पुष्कळ गाजावाजा झाला. पण तेव्हाही प्रश्न होता पुस्तके किती आहेत हा. कोणती गेली, हे कोणी विचारले नाही.

केंद्र सरकारच्या सामान्य वित्तीय नियमांत एक कलम आहे. वर्षभरात देवघेव झालेल्या दर हजार पुस्तकांमागे पाच गहाळ झाली तर ते चालण्यासारखे समजावे, मात्र हजार रुपयांहून अधिक किमतीच्या आणि दुर्मीळ पुस्तकाची चौकशी व्हावी, असा त्याचा आशय. हा नियम आपल्या गावातल्या वाचनालयाला लागू नाही, पण सरकारी मनाचा आरसा म्हणून पाहावा. चौकशी कशाची? महागड्याची आणि दुर्मिळाची. तुमचे-माझे चाळीस रुपयांचे, लेखकाने बायकोच्या बांगड्या मोडून पाचशे प्रती छापलेले पुस्तक या दोन्हींत बसत नाही.

आता ‘दुर्मीळ’ म्हणजे काय तेही पाहू. मराठीत 1867 पूर्वी छापलेल्या पुस्तकांना दोलामुद्रिते म्हणतात. त्यांची सूची होते, ती वेगळ्या कपाटात जातात, त्यांचे संगणकीकरण होते. फार चांगली गोष्ट. पण त्या काळात मराठीत छापणारा मुसलमान किती होता? शेख महंमदांचा ‘योगसंग्राम’ सतराव्या शतकातला. तो संतवाङ्मयाच्या बळावर टिकला. हमीद दलवाईंचे ‘इंधन’ 1965 चे. त्यांच्या नावाभोवती वाद आहे, वलय आहे, म्हणून आवृत्त्या निघतात. शाहीर अमर शेखांचे नाव संयुक्त महाराष्ट्राने जिवंत ठेवले. या तिघांच्या मागे जे उभे आहेत त्यांचे काय? तालुक्याच्या शाळेत शिकवता शिकवता कथा लिहिणारे गुरुजी, एकच संग्रह काढून थांबलेली कवयित्री, गावच्या छापखान्यात आत्मकथन छापून घेणारा एसटीतला कंडक्टर. आपले साहित्य खऱ्या अर्थाने फुलले ते विसाव्या शतकाच्या शेवटच्या तीस-पस्तीस वर्षांत. 1970 मध्ये पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ निघाले, 1990 मध्ये सोलापुरात पहिले मुस्लिम मराठी साहित्य संमेलन भरले. ही पुस्तके ‘दुर्मीळ’ म्हणायला फार नवी आहेत आणि ‘चालू’ म्हणायला फार जुनी. बरोबर अशाच पुस्तकांवर ‘बाद’ हा शेरा पडतो. शेवटची देवघेव पंधरा वर्षांपूर्वीची, पाठ निखळलेली, लेखकाचे नाव कोणाला माहीत नाही. ग्रंथपालाने का ठेवावे?

नियतकालिकांची स्थिती तर याहून वाईट. संमेलनांच्या स्मरणिका बहुतेक ठिकाणी पुस्तक म्हणून दाखलच होत नाहीत. दिवाळी अंक आणि विशेषांक हंगामात सभासदांमध्ये फिरतात आणि हंगाम संपला की वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्याबरोबर रीतसर विकले जातात. त्यासाठी ‘बाद’ लिहायचीही गरज पडत नाही. वाचकहो, तुमच्या हातातला हा अंकही त्याच वाटेवर आहे.

सत्तरच्या दशकात अमेरिकेतल्या टेक्सास राज्यात ग्रंथालयांसाठी पुस्तके काढण्याच्या कसोट्या तयार झाल्या. माहिती चुकीची ठरली आहे का, प्रत वाचण्यापलीकडे गेली आहे का, नवी आवृत्ती आली आहे का, असे साधे प्रश्न. त्यातला शेवटचा प्रश्न मला सर्वांत मोलाचा वाटतो: हे पुस्तक दुसरीकडे सहज मिळते का? आपल्याकडे नेमका हाच प्रश्न कोणी विचारत नाही. पुस्तक किती वेळा नेले गेले एवढेच पाहतात. लोकप्रिय कादंबरीची फाटकी प्रत टाकली तरी ती शंभर गावांत उरते. आपल्या पुस्तकाची फाटकी प्रत टाकली तर कदाचित पुस्तकच संपते.

मुसलमान वाचकाला हे समजावून सांगावे लागू नये. जीर्ण वस्तूचा अदब आपल्याला घरातच शिकवला जातो. कुराण शरीफची प्रत फाटली की ती ‘शहीद झाली’ असे आपण म्हणतो. ती स्वच्छ कापडात गुंडाळतो, पायदळी येणार नाही अशा जागी दफन करतो किंवा वाहत्या पाण्यात सोडतो. मशिदीच्या भिंतीवर ‘मुकद्दस औराक’ लिहिलेली पेटी असते. येमेनमध्ये सना शहरातल्या मोठ्या मशिदीच्या छतात अशीच शतकानुशतके ठेवलेली जीर्ण पाने 1972 मध्ये दुरुस्तीच्या वेळी सापडली, आणि कुराणाच्या सर्वांत प्राचीन हस्तलिखितांमध्ये त्यांची गणना होते. रद्दी म्हणून कोणी फेकली नाहीत म्हणून ती उरली. आणि हजरत उस्मान (रजि.) यांच्या काळातली हकीकत तर प्रत्येक मदरशात शिकवतात: त्यांनी आधी प्रमाण प्रत सिद्ध केली, तिच्या नकला करवून प्रांतोप्रांती पाठवल्या, आणि त्यानंतरच बाकीच्या प्रती जाळायला सांगितल्या. हा क्रम ध्यानात घ्या. आधी नकला, मग नाश. ग्रंथालयशास्त्राने याहून वेगळे काय सांगितले आहे?

कोणी म्हणेल, अल्लाहच्या कलामाची बरोबरी माणसाच्या पुस्तकाशी करता? बरोबरी करत नाही. पण अदब ही सवय आहे, आणि ती एकाच किताबापुरती राखून ठेवली की बाकीच्या कागदाशी माणूस कसाही वागतो. बगदादची ग्रंथालये 1258 मध्ये मोंगलांनी तैग्रिसमध्ये बुडवली, हे आपण जलशांत डोळ्यांत पाणी आणून सांगतो. आणि अब्बांच्या इंतकालनंतर चाळिसावा होतो न होतो तोच त्यांची मराठी पुस्तके किलोवर जातात. उर्दू पुस्तके निदान मौलानांना विचारून मदरशात पोचवली जातात. मराठीचा वाली कोण? मला एका रद्दीच्या दुकानात ग्रंथालयाचा शिक्का असलेला एक कथासंग्रह मिळाला, त्याच्या खालीच लेखकाने स्वतःच्या हाताने एका नातेवाइकाला भेट लिहून दिलेली दुसरी प्रत होती. दोन्ही एकाच भावात घेतल्या. ग्रंथालयाला दोष द्यायचा तर त्या नातेवाइकाला कुठे ठेवायचे?

आपल्या लेखकांचेही चुकते. 1954 च्या कायद्याप्रमाणे प्रत्येक पुस्तकाच्या प्रती कोलकात्याचे राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईचे मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचे कॉनेमारा आणि दिल्लीची पब्लिक लायब्ररी यांना पाठवायच्या असतात. स्वखर्चाने छापणाऱ्या किती जणांनी त्या पाठवल्या? प्रकाशन समारंभाच्या शालीवर खर्च होतो, टपालावर होत नाही. तुकोबांची गाथा इंद्रायणीतून तरली, कारण ती लोकांच्या तोंडी होती, असे म्हणतात. आपली कथा कोणाला पाठ आहे?

उपाय फार अवघड नाहीत. नाशकातच कुसुमाग्रज प्रतिष्ठानने 2009 पासून ‘ग्रंथ तुमच्या दारी’ चालवले आहे. शंभर पुस्तकांची एक पेटी वाचकांच्या गटाकडे जाते, काही महिन्यांनी गट आपसांत पेट्या बदलतात. या पेट्या पार दुबईपर्यंत गेल्या. म्हणजे पुस्तक इमारतीबाहेर काढणे आणि पुस्तक मारणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे या शहराने करून दाखवले आहे. जास्तीच्या आणि न मागितल्या जाणाऱ्या धड प्रती जुन्या नाशकातल्या मोहल्ल्यांत, वसतिगृहांत, मालेगावच्या मराठी शिकणाऱ्या मुलांपर्यंत अशाच का जाऊ नयेत? ज्या धड नाहीत त्यांची यादी महिनाभर फलकावर लावा. ज्याला हवे त्याने न्यावे. ज्याची दुसरी प्रत कुठेही सापडत नाही त्याची पाने आधी स्कॅन करा, मग त्याचे काय करायचे ते करा. हल्ली हे काम खिशातल्या मोबाइलवरही होते. आणि शासनाने अनुदानासाठी संख्या मोजताना रीतसर बाद केलेल्या पुस्तकांमुळे दोन वर्षे तरी वर्ग घसरणार नाही अशी सवलत द्यावी, म्हणजे ग्रंथपालाला चोरून टाकण्याची गरजच उरणार नाही.

हे सारे आपोआप होणार नाही. शासनाकडून भरीव अर्थसाहाय्य घेणाऱ्या संस्थेला 2005 चा माहिती अधिकार कायदा लागू होतो. आपल्या गावच्या अनुदानित वाचनालयात जावे आणि गेल्या दहा वर्षांत बाद केलेल्या पुस्तकांची यादी, प्रत्येकाच्या लेखकाच्या नावासह, लेखी मागावी. यादीत आपल्यातल्या कोणाचे नाव दिसले तर या अंकाच्या संपादकांना कळवावे. यादीच नाही असे उत्तर आले, तर तेही लेखी घ्यावे.