घड्याळ म्हणतं नॉर्मल, पण...

जानेवारीतली मुंबई मॅरेथॉन जवळ आली की पहाटे पळणाऱ्या मैत्रिणी वाढतात. अनेकींच्या मनगटावर स्मार्ट घड्याळ असतं. हिरवा प्रकाश टाकून ते नाडी मोजतं. पट्टा सैल असला की आकडा चुकतो. कधी तर पावलांचा ठेकाच नाडी म्हणून दाखवतं! काही घड्याळांत ईसीजीही निघतो. ॲपलच्या घड्याळात ही सोय २०१८ साली आली. पण त्यासाठी थांबून, दुसऱ्या हाताचं बोट टेकवून ३० सेकंद स्थिर राहावं लागतं.

बाईला याचा खरा उपयोग आहे. ‘धडधडतंय’ म्हटलं की ‘दगदग झाली असेल’, ‘टेन्शन घेऊ नकोस’ हे ठरलेलं उत्तर! धडधड होत असतानाच काढलेला ईसीजी डॉक्टरांपुढे ठेवला, तर विषय असा झटकता येत नाही.

मात्र हार्ट अटॅक या घड्याळाला ओळखता येत नाही. पळताना छाती दाटली, नेहमीपेक्षा जास्त धाप लागली, चक्कर आली, जबडा किंवा पाठ दुखू लागली, तर घड्याळात ‘नॉर्मल’ दिसत असलं तरी थांबा, लगेच मदत मागा. मेडल काय, पुढच्या वर्षीही मिळेल. मैत्रिणींनो, घड्याळाचं ऐका, पण आधी शरीराचं!