प्रस्तावना कुणी गाळली?

५ डिसेंबरची रात्र. पाचोरा स्टेशन. चैत्यभूमीला निघालेली माणसं फलाटावर पथाऱ्या टाकून बसलेली. गाडी लेट. आणि दरवर्षीचा तोच विषय निघतो. "बाबासाहेब गेले नाहीत, त्यांना मारलं. त्या बामणीनंच मारलं." बोलणारा विशीतला, कॉलेजात शिकणारा. पुरावा काय रे भाऊ, विचारलं तर म्हणतो, "जात बघा ना तिची!"

मित्रांनो, डोक्यात सणक गेली. जन्मावरून गुन्हा ठरवायचा कायदा कुणाचा? मनूचा. तो आपण १९२७ साली महाडला जाळला. आता त्याच राखेतून न्याय उकरणार काय?

संशय घेणं पाप नाही. ६ डिसेंबर १९५६ ला दिल्लीत, २६ अलीपूर रोडवर बाबासाहेब गेले. दीक्षेला दोन महिनेही झाले नव्हते. लाखो माणसं एका रात्रीत पोरकी झाली. प्रश्न पडणारच. चौकशीची मागणी झाली, चौकशी झाली, मृत्यू नैसर्गिक असं सरकारनं सांगितलं. सरकारी कागदावर विश्वास नाही? नका ठेवू. बाबासाहेबांच्या कागदावर तरी ठेवाल की नाही?

१० ऑगस्ट १९५१ चं नेहरूंना लिहिलेलं पत्र काढा. माझ्या तब्येतीची मला आणि डॉक्टरांना फार चिंता वाटते, हिंदू कोड बिल लवकर घ्या, असा त्याचा मतलब. मरणाआधी पाच वर्षं! मधुमेहानं शरीर पोखरलेलं, पायांनी दगा दिलेला. पुढं १५ मार्च १९५६ ला त्यांनी 'द बुद्ध अँड हिज धम्म'साठी प्रस्तावना लिहिली. तीत सरळ म्हटलंय, की दुखणं इतकं विकोपाला गेलं की डॉक्टर विझत्या ज्योतीची भाषा बोलू लागले. आणि ती ज्योत पुन्हा पेटवली ती पत्नीनं आणि डॉ. मालवणकरांनी. जिच्यावर आपण बोट रोखतो तिचे त्यांनी स्वतः आभार मानलेत.

ग्रंथ १९५७ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं छापला. त्यात ही प्रस्तावना नाही. ती लोकांसमोर आली १९८० साली, भगवान दास यांनी छापली तेव्हा. २३ वर्षं! काँग्रेसनं नाही गाळली, संघानं नाही गाळली. संस्था बाबासाहेबांनी काढलेली, म्हणजे आपलीच. फलाटावर कटाच्या गप्पा हाणणाऱ्यांनी हा प्रश्न कधी विचारला?

माईसाहेबांनी नागपूरला बाबासाहेबांच्या शेजारी उभं राहून दीक्षा घेतली होती. आपण त्यांना वाळीत टाकलं. वाळीत! हा शब्द वापरताना जीभ अडखळायला पाहिजे होती. पुढं पँथरची पोरं त्यांना पुन्हा चळवळीत घेऊन आली, हे त्यातल्या त्यात बरं.

आणि खरा कट असतो तेव्हा काय होतं, तेही बघा. २० ऑगस्ट २०१३ ला पुण्यात डॉ. दाभोलकरांना गोळ्या घातल्या. १० मे २०२४ ला निकाल लागला. गोळी झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप. बाकीचे तिघे पुराव्याअभावी सुटले. बंदूक सापडते, डोकं निसटतं. तिथं कागद, साक्षीदार, तारखा लावून वर्षानुवर्षं कोर्टात बसणारी माणसं लागतात. आपला पोरगा फलाटावर बसून म्हणतो, जात बघा.

गाडी आली तेव्हा तो आमच्यावर चिडूनच डब्यात चढला. चिडू दे. प्रस्तावनेच्या झेरॉक्स काढतोय. पुढच्या ५ डिसेंबरला पाचोऱ्याच्या फलाटावर वाटायला कोण येतंय, कळवा.