फॉरमॅट मारण्याआधी...

शनिवारी सकाळी बाबांचा फोन. "अरे, कॉम्प्युटर ११ टक्क्यांवर अडकलाय. चार वेळा बंद करून चालू केला." दुकानातल्या मुलाचं निदान तोपर्यंत झालंही होतं: फॉरमॅट मारावा लागेल, ५०० रुपये.

फॉरमॅट मारणे हे आपल्याकडचं रामबाण औषध आहे. पेशंट दगावला तरी चालेल, ताप उतरला पाहिजे! बाबा सोसायटीचे खजिनदार. सात वर्षांचे हिशोब त्या डिस्कवर, आणि आईचे फोटोही. बॅकअप? "तो तूच घेणार होतास ना?" असो.

स्क्रीनवर 'स्कॅनिंग अँड रिपेअरिंग ड्राइव्ह' असं लिहिलेलं होतं. हे वाचून आपल्याला वाटतं, चला, विंडोज दुरुस्ती करतंय, करू दे. माझं स्पष्ट मत आहे की इथेच घात होतो. ही दुरुस्ती म्हणजे चेकडिस्क, आणि त्याला तुमच्या फोटोंशी काही देणंघेणं नसतं. त्याला फाइल सिस्टिमचा ताळेबंद जुळायला हवा. एखादी नोंद जुळत नसेल तर ती खोडून ताळेबंद जुळवणारा अकाउंटंट डोळ्यासमोर आणा. (बाबांना हे उदाहरण दिलं, ते एकदम गंभीर झाले.) वीज गेल्यामुळे नुसत्या नोंदी विस्कटल्या असतील तर चेकडिस्क उत्तम काम करतं. पण डिस्कच मरायला टेकली असेल तर प्रत्येक खराब सेक्टर पुन्हा पुन्हा वाचायचा प्रयत्न म्हणजे हार्ट अॅटॅक आलेल्या माणसाला जिने चढायला लावणं. आणि नेटवर तर सगळे सर्रास 'चेकडिस्क स्लॅश आर चालवा' असंच सांगतात!

मग आधी काय, हे कसं ठरवायचं? डिस्कलाच विचारायचं. सिस्टमरेस्क्यू नावाचं लिनक्स पेन ड्राइव्हवर टाकलं, त्यावरून मशीन चालू केलं आणि स्मार्टचे आकडे बघितले. त्यातला १९७ क्रमांकाचा आकडा म्हणजे वाचता न आलेले, निकालाची वाट बघणारे सेक्टर. तो शून्य असायला हवा. बाबांच्या डिस्कवर ८८ होता. म्हणजे दुरुस्ती बंद, आधी कॉपी.

त्यासाठी डीडीरेस्क्यू. याची अक्कल मला फार आवडते. साधी कॉपी पहिल्या खड्ड्यातच अडकून बसते. हे मात्र खराब भाग सोडून पुढे जातं, चांगला भाग आधी पदरात पाडून घेतं आणि मग उरलेल्याच्या मागे लागतं. कुठे काय राहिलं ते मॅप फाइलमध्ये लिहून ठेवतं, त्यामुळे मध्येच वीज गेली तरी पहिल्यापासून सुरुवात करावी लागत नाही. नवी डिस्क जुनीपेक्षा एका बाइटनेही लहान चालत नाही. आणि कुठून कुठे, हे कमांडमध्ये उलटं लिहिलंत तर रिकामी डिस्क भरलेलीवर कॉपी होईल. मी एंटर दाबण्याआधी तीनदा वाचलं, तरी हात थरथरत होता. सोळा वर्षं नोकरी करून!

रात्रभर चाललं. सकाळी ३६ केबी सोडून सगळं आलं होतं. मग नव्या एसएसडीवर, म्हणजे कॉपीवर, चेकडिस्क चालवलं. तिथे खुशाल चालवावं, बिघडलं तर जुनी डिस्क आहेच. (रिकव्हरी स्क्रीनवरून चालवणार असाल तर आधी ड्राइव्हचं अक्षर तपासा, तिथे सी कधीकधी डी होतो.) दुसऱ्या बूटला विंडोज उघडलं.

हिशोब सगळे मिळाले. आईचा २०१६ च्या गणपतीतला एक फोटो उघडला, तर खालचा अर्धा भाग नुसता करडा. मोदकांचं ताट गेलं, आईचा चेहरा वरच्या अर्ध्यात होता. बाबा बराच वेळ बघत बसले, मग म्हणाले, "हाच प्रिंट करून आण."