मुक्या जिवाचा डोळा

घरच्या मांजराचा डोळा चिकटला कीं, माणसासाठीं आणून उरलेलें औषध त्यांत घालण्याची रीत पुष्कळ घरीं आढळते. आम्हींही एकदां तेंच केलें व पस्तावलों. आमच्या मतें ह्या दयेंत अविचार फार. त्या औषधांत स्टेरॉइड असेल आणि बुबुळास जखम असेल, तर ती चिघळून दृष्टि जाण्याचें भय असतें. मांजर एकच डोळा मिटूं लागलें, पाणी अथवा पू वाहूं लागला, किंवा नाकाकडील कोपऱ्यांतून पांढरा पडदा वर आलेला दिसला, तर कोमट पाण्यांत भिजविलेल्या स्वच्छ कापसानें कडा पुसाव्या आणि त्याच दिवशीं पशुवैद्य गांठावा. मुक्या जिवास आपलें दुःख सांगतां येत नाहीं. तें ओळखणें हें पाळणाराचें कर्तव्य आहे.